सूचना मोकळेपणाने सांगा हं!

चारमिनार 1591 पासून सरळ उभा आहे. तो कलतो फक्त सुटीच्या सकाळी, हौशी चित्रकारांच्या वह्यांत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिॲटलच्या पत्रकाराने 2007 मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं आणि जागेवर बसून चित्र काढायचं वेड हैदराबादेतही पोचलं. उत्तमच झालं. घोळ होतो तो चित्र झाल्यावर. वह्या ओळीने मांडल्या जातात, भोवती कोंडाळं जमतं आणि अभिप्राय बरसतात: ‘मस्त!’, ‘भारीच!’, ‘क्या बात है!’

‘सूचना मोकळेपणाने सांगा हं,’ असं म्हणणाऱ्याला सूचना नको असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एखादा नवखा बोलूनच जातो, ‘क्षितिजरेषा डोळ्यांच्या उंचीवर हवी, तुम्ही खाली बसलात, मग सज्जा वरून कसा दिसतोय?’ उत्तर तयार असतं: ‘ती माझी शैली आहे.’ वर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा दाखला. पंढरपूरच्या या माणसाने शैलीआधी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून हात बसवला होता, एवढा तपशील सोयीने गळतो.

खरी समीक्षा करतो तो पाठीमागे थांबलेला रिक्षावाला: ‘मियाँ, घड़ी किधर गई?’ 1889 साली चारमिनारला बसवलेलं घड्याळ चित्रात खरंच नसतं. फुकटात, एका वाक्यात, अचूक सल्ला! त्याला गटात घ्यायला हरकत नव्हती. पण पंचाईत अशी, की तो चित्राकडे बघून बोलतो.