दिवो तेवढो फोरात

आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या फळीवर '४×४' असं इतक्या ठसठशीत अक्षरांत लिहिलंय की वाडीत तिला गाडी असं कोणी म्हणतच नाही. 'फोर बाय फोर कुठे गेली?' अशीच चौकशी होते. मे महिन्याच्या शेवटी वळीव कोसळला की आमच्या बागेतला जांभ्याचा चढ बुळबुळीत होतो. खाली हापूसच्या भरलेल्या पेट्या, वर रस्ता. अशा वेळी डॅशबोर्डवरचं बटण फिरवायचं. हिरवा दिवा लागतो. मग मागची दोन चाकं जागच्या जागी गरगरतात आणि ढकलायला उभ्या असलेल्या मंडळींना आपादमस्तक लाल करतात. पुढची दोन मात्र वरपक्षाकडच्या पाहुण्यांसारखी स्वस्थ.

निदान करायला माणसांची कमतरता नव्हती. कोणी बॅटरी म्हणालं, कोणी फ्यूज. एका निवृत्त मास्तरांनी 'बटण जोरात फिरवा' असं सुचवलं. शेवटी कुडाळहून मेस्त्री आले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेतली, मागे दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली, फोर लावला आणि उजवं चाक हाताने फिरवलं. डावं ढिम्म. मेस्त्री उठले, हात पुसले आणि म्हणाले, "गाडी फोरात नाय. दिवो तेवढो फोरात असा."

आमच्या गाडीत त्या दिव्याची तार पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या ट्रान्सफर केसपर्यंतच जाते. तिथं गिअर पडला की दिवा लागतो. पुढे चाकाला आसाशी जोडणाऱ्या हबात काय झालं, हे त्या बिचाऱ्याला कोणी कळवतच नाही. आणि आमचे हब चालायचे व्हॅक्यूमवर. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी आपली स्वतःची ओढ नसते. ती आल्टरनेटरच्या पाठीमागचा पंप तयार करतो. तिथून सोलेनॉइड, तिथून चासीच्या कडेने पार चाकापर्यंत जाणारी करंगळीहून बारीक रबरी नळी. एवढी दोन टनांची गाडी चढावर जाणार की नाही, ते त्या नळीवर!

मेस्त्रींनी विडी बाजूला ठेवून नळीचं एक टोक बोटाने दाबलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. वारा सरळ आत. उजेडात धरली तर एका जागी उन्हाने तडकलेली आणि दुसरीकडे उंदराच्या दातांची नक्षी. नळी बदलली, तर डावा हब लागला, उजवा रुसलेलाच. तो उघडल्यावर आत ग्रीस नावाचं जे काही होतं, ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावं लागलं. आधीचे मालक शहरातले. त्यांनी फोर बाय फोर हौसेने घेतली, कधी लावली नाही; अक्षरं मात्र नियमाने पॉलिश केली.

मेस्त्रींच्या सल्ल्याने व्हॅक्यूमचे हब काढून हाताने फिरवायचे बसवले. ही युक्तीही जुनीच. महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी जीप शेतकऱ्यांच्या हाती आल्या, तेव्हा साध्या रस्त्यावर पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरू नये म्हणून आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली असे हब बनवायला सुरुवात केली. म्हणजे आम्ही पैसे मोजून गाडी पन्नासएक वर्षं मागे नेली. आता भर पावसात कोणीतरी उतरून दोन्ही चाकांवरची खुंटी 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवतो. जावयाला चिखलात उतरवणं आमच्याकडे बसत नाही, म्हणून भाचा उतरतो.

त्याच भाच्याने पुढे कोरड्या डांबरावर फोर तसाच ठेवून गाडी बाजारात नेली. वळताना गाडी आचके देऊ लागली आणि फोर निघेना. 'परत बिघडली' अशी बातमी त्याच्याआधी घरी पोचली. बिघडलं काहीच नव्हतं. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. अशा गाड्यांत पुढचं-मागचं घट्ट जोडलेलं, आणि कोरड्या रस्त्यावर टायरला घसरायला वाव नाही. ताण आतल्या आत साठतो. मेस्त्रींनी फोनवर सांगितलं, सरळ मागे घे. दहा-बारा हात मागे घेतली, खट्ट वाजलं, फोर सुटला.

तुम्ही जुनी फोर बाय फोर बघायला जाल, तेव्हा मालक हिरवा दिवा लावून दाखवील. दाखवू दे. तुम्ही जॅक मागा, पुढची दोन्ही चाकं उचला, आणि एक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर पुढचं बोला. नाही फिरलं, तर पैसे दोनच चाकांचे द्या.