जात्याचा दावा

ज्याअर्थी हल्ली यंत्रास कवी म्हणण्याची वहिवाट पडली आहे, त्याअर्थी बहिणाबाई चौधरींच्या जळगावच्या घरातील जात्यानेही आपल्या हक्काची फिर्याद गुदरावी, असे आमचे नम्र मत आहे. कारण ओव्या रचल्या जात असता ते जातीने हजर होते, पीठ त्यानेच पाडले, आणि अक्षरओळख म्हणाल तर बाईंना जितकी होती तितकीच त्यालाही, म्हणजे मुळीच नव्हती. असे असता 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी छापून निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर जात्याचे नाव घालण्याचे कोणासही सुचले नाही.

धुळ्याचा मामला याहून नाजूक. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून, वाळवीच्या तोंडची दफ्तरे सोडवून साधनांचे खंडामागून खंड छापीत राहिले. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले, आणि त्यांचे जमवलेले कागद तिथल्या संशोधन मंडळाने सांभाळले. नव्या यंत्रास ही यातायात नको. मागाल तो कागद, मागाल त्या शकाचा, मायन्यासकट हजर! अस्सल नसतो, एवढेच; पण तेही विचारल्याशिवाय सांगत नाही.

परवा आग्रा रोडवर एका वाचनालयाच्या समारंभाचा फलक करवून घेण्यास गेलो. फ्लेक्सवाल्या पोराने यंत्रास ‘शेतकरी माउली’वर कविता फर्मावली. चहा निवण्यापूर्वी सोळा ओळी हजर. त्यांत माउली भर ज्येष्ठात कपाशी वेचीत होती, जेव्हा आमच्या खानदेशात सरकीसुद्धा धड रुजलेली नसते. सोबत चित्रही होते: माउली जात्यावर बसलेली, मुद्रा अत्यंत भाविक, आणि खुंटा बरोबर जात्याच्या तोंडात रोवलेला.

दाराशी एक वृद्ध पेंटर शिडी धरून उभे होते. खडू लावलेल्या सुतळीचा फटका मारून भिंतीवर रेघ पाडायची आणि वीतभर अक्षर एका दमात ओढायचे, अशी त्यांची एके काळी बाजारपेठेत ख्याती होती. हल्ली यंत्राने काढलेले फलक खिळ्यांनी ठोकण्याचे काम त्यांच्याकडे असते. चित्राकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, “हाई बाई दाना कथा टाकी?”

पोराने शंका यंत्राच्या कानी घातली. यंत्राने मनापासून दिलगिरी व्यक्त केली, चूक अचूक हेरल्याबद्दल आमची तारीफ केली, आणि जात्यास आणखी एक खुंटा बसवून दिला.