शाल, श्रीफळ आणि मेंढरं

नगरच्या सावेडीत संध्याकाळी सहाचा सत्कार साडेसातला सुरू झाला, तर तो वेळेवर सुरू झाला असं धरतात. पुढचा पाऊण तास व्यासपीठावरच्या मंडळींचा. अध्यक्षांचा सत्कार स्वागताध्यक्षांच्या हस्ते, स्वागताध्यक्षांचा अध्यक्षांच्या हस्ते, मग प्रायोजकांचा, मग मंडप ज्यांनी सवलतीत दिला त्यांचा, आणि मग 'ज्यांचं नाव अनवधानाने राहून गेलं' त्यांचा. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तो सत्कारमूर्ती कडेच्या खुर्चीत फेट्याखाली घाम पुसत बसलेला असतो. चेहरा तहसील कचेरीत उताऱ्यासाठी बसलेल्या माणसासारखा.

शेवटी त्याचा नंबर लागतो. शाल पांघरणं वाटतं तेवढं सोपं नाही. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती निघत नाही, निघाली तर घडी मोडत नाही, मोडली तर एक टोक प्रमुख पाहुण्यांच्या घड्याळात अडकतं. मग श्रीफळ. ते द्यायचं नसतं, धरायचं असतं. देणाऱ्याचे दोन हात आणि घेणाऱ्याचे दोन हात नारळावर ठेवून दोघांनीही एकमेकांकडे न बघता समोर बघायचं. "साहेब, इकडे! काका, नारळ जरा खाली!" फोटोग्राफर म्हणेल तोवर नारळ कोणाचाच नसतो. मग सन्मानचिन्ह येतं आणि खरी पंचाईत तिथे सुरू होते, कारण त्याच्यावर गावाचं नाव कोरलेलं असतं.

३१ मे २०२३ रोजी चौंडीला मुख्यमंत्र्यांनी अहमदनगरचं नाव अहिल्यानगर होणार असं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर सरकारी शिक्कामोर्तब झालं. लेटरहेड बदलली, एसटीच्या पाट्या बदलल्या. पण आधीच भूषण झालेल्या मंडळींच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात 'अहमदनगर भूषण' अजून चमकत असतं. त्यावर पट्टी चिकटवायची, की नव्या नावाने पुन्हा सत्कार करून घ्यायचा? दुसरा पर्याय बहुतेकांना अधिक तर्कशुद्ध वाटतो. नगरकराने स्वतःपुरता हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. त्याच्या तोंडी गावाचं नाव 'नगर', तीन अक्षरी, आधीही आणि आताही. तेव्हा 'नगरभूषण' ही पदवी कोणत्याही राजवटीत चालते. शिवाय नगर म्हणजे कुठलंही शहर, त्यामुळे नगरभूषण माणूस पुण्यातही भूषणच ठरतो, निदान व्याकरणाने.

शहराने आपल्या माणसाला दिलेला मोठ्यात मोठा मान ही कल्पना काही नगरची एकट्याची नाही. पूर्वी नगरपालिका मानपत्र देत. चांदीच्या नळीत गुंडाळलेल्या त्या मजकुरात 'आपल्या' हा शब्द इतक्या वेळा यायचा की मान नेमका कोणाचा, हे शेवटी सही बघून ठरवावं लागे. पुण्याने पुण्यभूषण काढलं आणि सन्मानचिन्हात बाल शिवाजीच्या हाती सोन्याचा फाळ असलेला नांगर दिला. ठाण्याला महापालिकाच ठाणेभूषण देते. नागपूरचं नागभूषण ऐकलं की आधी शंकराची आठवण होते. नगरची नगरपालिका १८५४ सालची, तिची महानगरपालिका झाली २००३ साली. पण 'भूषण' द्यायला महापालिकाच लागते, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. एक मंडळ, एक फ्लेक्स आणि एक प्रायोजक पुरतो.

विलायतेत हाच मान 'शहराचं स्वातंत्र्य' या भारदस्त नावाने देतात. लंडन शहराचा असा मानकरी लंडन ब्रिजवरून टोल न भरता मेंढरं हाकून नेऊ शकतो, अशी जुनी परंपरा आहे. आजही दरवर्षी कोट-टाय घातलेली प्रतिष्ठित मंडळी हौसेने पाच-पंचवीस मेंढ्या पुलावरून नेतात आणि त्याची बातमी होते. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीच्या धनगराला हे सांगितलं, तर तो घोंगडी सावरत आधी विचारेल, "मग टोल कुणी घेत होतं का तिथं?"

काही शहरं पाहुण्याला 'शहराची किल्ली' देतात. नगरने किल्ल्या इतक्यांदा दिल्या आहेत की त्यात आता नवल उरलेलं नाही. १६०० साली किल्ला मोगलांकडे गेला. १७५९ मध्ये निजामाचा किल्लेदार कवी जंग याने पैसे घेऊन तो पेशव्यांना दिला. पुढे तो शिंद्यांकडे गेला आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या वेलस्लीने आधी शहराचा तट आणि चार दिवसांत किल्लाही घेतला. तेव्हा इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ही माणसं सकाळी आली, तट पाहिला, त्यावरून चालत गेली, आतले सगळे कापले आणि न्याहारीला परत आली, अशा अर्थाचे. नगरच्या भूमीवर दिलं गेलेलं सगळ्यात आटोपशीर मानपत्र हेच. त्यात 'आपल्या' हा शब्द एकदाही नाही. पुढे १९४२ साली याच किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण आणून ठेवले. नेहरूंनी तिथे बाग फुलवली आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. 'शहराचं स्वातंत्र्य' म्हणाल तर ते असं.

खरं तर पदव्यांचं वेड या मातीतच आहे. शहर वसवणाऱ्या मलिक अहमदच्या बापाला बहामनी दरबाराने 'निजाम-उल-मुल्क' ही पदवी दिली होती. पोराने तिच्यातला निजाम उचलला, त्याला शाह जोडला आणि एक अख्खी निजामशाही उभी राहिली. २८ मे १४९० ला भिंगारजवळ त्याने बहामनी फौजेला हरवलं. नगरकर तो दिवस शहराचा वाढदिवस म्हणून पाळतात. एका सत्कारातून एवढं राज्य निघालं म्हटल्यावर नगरच्या माणसाने शाल नाकारावी कशी?

पुढे मान माणसांपुरता राहिला नाही. तालिकोटच्या लढाईत, १५६५ साली, विजयनगरच्या रामरायाला पकडणाऱ्या गुलाम अली नावाच्या हत्तीचं स्मारक बागरोजाच्या परिसरात आहे, असं नगरकर पाहुण्यांना आवर्जून सांगतो. हत्तीला शाल पांघरायची वेळ आली नाही, हे त्या काळच्या आयोजकांचं नशीब. मान चुकीच्या पत्त्यावरही गेला. शहराबाहेर शाह डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत दिसते, ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर. पण अख्खा जिल्हा तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतो. शाळेच्या सहली तिथे जातात, पोरं भिंतीवर आपली नावं कोरतात आणि चांदबीबी इथे राहत होती असं समजून घरी येतात. सलाबतखानाने आयुष्यभर दरबार सांभाळला, आणि सन्मानचिन्हावर नाव दुसऱ्याचं आलं. छपाईतली एवढी मोठी चूक एवढी वर्षं टिकल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आणि तोफ. १५४९ साली नगरमध्ये एक अवाढव्य तोफ ओतली. तिलाही पदवी मिळाली, 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाची धनीण. मराठीने तिचं 'मुलूखमैदान' केलं. कर्तबगार पोरं पुण्या-मुंबईला जातात तशी ती विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. पण तिची पिल्लं नगरच्या प्रत्येक सभागृहात आहेत. "आता आपल्यासमोर धडाडणार आहेत मुलूखमैदान तोफ..." असं सूत्रसंचालकाने म्हटलं, की जाणकार श्रोते हळूच चपला शोधू लागतात. याच नगरशेजारी अरणगावच्या मेहेराबादला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं आणि १९६९ साली देह ठेवेपर्यंत, म्हणजे सुमारे ४४ वर्षं ते मोडलं नाही. त्यांचे भक्त अजून दर १० जुलैला मौन पाळतात. सत्कार समित्यांनी निदान त्या एका तारखेला तरी कार्यक्रम ठेवायला हरकत नाही.

सत्कारात आयोजकांना सगळ्यात मोठी भीती असते ती 'सत्काराला उत्तर' या भागाची. महाराष्ट्र भूषण हा राज्याचा सर्वोच्च मान पहिल्यांदा पु. ल. देशपांड्यांना दिला, तेव्हा त्यांनी मान स्वीकारताना त्या वेळच्या सरकारला चार शब्द सुनावले आणि उत्तरादाखल त्यांची 'मोडका पूल' अशी संभावना झाली. पण या बाबतीत खरा बाजी मारणारा नगरचाच. स्पाइक मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. बाप लष्करात, म्हणून जन्म इथला. पुढे रेडिओवरच्या 'गून शो'ने त्याने अख्खं इंग्लंड हसवलं. १९९४ मध्ये त्याला जीवनगौरव मिळाला. युवराज चार्ल्स यांचं कौतुकाचं पत्र रंगमंचावर वाचून दाखवत असताना याने मध्येच युवराजांनाच शिवी हासडली. नंतर फॅक्स करून विचारलं म्हणे, आता 'सर' ही पदवी मिळण्याचा प्रश्न मिटलाच ना? २००१ मध्ये त्याला मानद नाइट केलं. मानद, कारण कागदोपत्री तो आयर्लंडचा. सत्काराच्या भाषणात एवढी भर घालणारा माणूस ज्या मातीत जन्मला, तिथे एखादा चौक त्याच्या नावाने असता, तर लई शोभला असता.

नगरच्या सदाशिव अमरापूरकरांची कथा वेगळीच. फिल्मफेअरने खलनायकासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला त्यांनाच मिळाला, 'सडक'मधल्या महाराणीसाठी. सज्जनांचे सत्कार गल्लोगल्ली होतात, खलत्वाचा पहिला मान मात्र नगरच्याच वाट्याला आला. आणि तो ज्याला मिळाला, तो माणूस पडद्याबाहेर नगरकरांच्या सामाजिक कामात हिरिरीने उभा राहणारा.

जिल्ह्यात दिल्लीहून आलेल्या मानांची यादी पाहिली, की आणखी एक गंमत दिसते. ती शहरात फार थांबत नाही, थेट गावात उतरते. लोणीचे विठ्ठलराव विखे, ज्यांनी १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यांना १९६१ साली पद्मश्री. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे, १९९० ला पद्मश्री, १९९२ ला पद्मभूषण. सैन्यातून निवृत्त झालेला हा ड्रायव्हर यादवबाबांच्या देवळातल्या खोलीत राहायचा. त्यामुळे दोन दोन पद्म आल्यावर ती ठेवायला काचेचं कपाट कुठून आणायचं हा प्रश्नच होता. २०१९ च्या फेब्रुवारीत उपोषणाला बसल्यावर पद्मभूषण परत करीन, असं ते म्हणाले. नगरच्या सत्कार समित्यांना त्या दिवशी घाम फुटला असणार. शाल परत करायची प्रथा एकदा पडली, तर ठेवणार कुठे?

२०२० च्या पद्मश्रीच्या यादीत तर जिल्ह्याची तीन नावं आली. श्रीरामपुरात जन्मलेला झहीर खान. हिवरेबाजारचे पोपटराव पवार. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. पोपटराव एम. कॉम. झालेले, क्रिकेटचे शौकीन, १९८९ मध्ये सरपंच झाले. सरकारी माणसाला जिथली बदली म्हणजे शिक्षा वाटायची, त्या गावात त्यांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणली आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, मग कोणतं पीक घ्यायचं, हे गाव ग्रामसभेत ठरवतं. नगर शहरात पाईपलाइन रोडवर नळ कधी येतो याचा ताळेबंद बायका ठेवतात, तो वेगळा.

राहीबाईंना शाळा माहीत नाही. त्यांच्या घरात बी राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवलेलं असतं. वाल, घेवडे, भात, नाचणी, कितीतरी गावरान वाणांचं. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं, २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, आणि ८ नोव्हेंबर २०२१ ला त्या नऊवारीत राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या. मडक्यातल्या बियांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पुढच्या पावसात ती नेहमीप्रमाणे उगवली.

शहराचं नाव आता ज्यांच्यावरून आहे त्या अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, ३१ मे १७२५ चा, धनगराच्या घरातला. त्यामुळे चौंडीच्या कार्यक्रमात पाहुण्यांना शालीऐवजी पिवळा फेटा, काठी आणि घोंगडं मिळतं. काठी हातात आली की मोठमोठे मंत्रीही क्षणभर बावरतात; ती उजव्या हातात धरायची की डाव्या? घोंगडं टोचतं, म्हणून फोटो निघाल्याबरोबर ते स्वीय सहायकाकडे जातं.

दिवाळी उलटली की ढवळपुरीकडचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात. कल्याण रस्त्यावर, टाकळी ढोकेश्वरच्या आसपास, संध्याकाळी ते आडवे येतात. पुढे घोडं, त्याच्या पाठीवर भांडीकुंडी आणि त्यावर बांधलेल्या दोन कोंबड्या, मागे शे-दोनशे मेंढरं आणि त्यांच्यामागे काठी टेकत चाललेला धनगर, खांद्यावर टोचतं तेच घोंगडं. मधोमध अडकलेल्या गाडीत नगरच्या सत्काराचे प्रमुख पाहुणे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. मेंढरं वर बघत नाहीत. धनगर एकदा शीळ घालतो, ती मेंढरांसाठी असते. आणि तिकडे सभागृहात सूत्रसंचालक तिसऱ्यांदा माइक हातात घेऊन सांगत असतो, "पाहुणे वाटेत आहेत, दहा मिनिटांत पोहोचतील. तोवर आपण मंडपवाल्या बंधूंचा सत्कार करून घेऊ."