हिरवा तिकोण

मृग लागला की आंधळगावच्या शिवारात धानाच्या बियाण्याची गडबड सुरू होते. मिठाच्या पाण्यात पोचट दाणे वर काढायचे, खाली बसलेले धुऊन सावलीत सुकवायचे, मग करपा येऊ नये म्हणून कार्बेन्डाझिमची पूड चोळायची. हे काम कित्येक घरांत बाईच करते, तेही उघड्या हातांनी. पाकिटावर हिरवा तिकोण असतो. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, असं आपण समजतो.

माझा राग या तिकोणावर आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते किती मात्रेने उंदीर मरतो यावरून. उंदराच्या वजनाच्या किलोमागे 5,000 मिलिग्रॅमच्या वर लागले की हिरवा. उंदीर जगला, पण त्याच्या पोटातल्या पिल्लांचं काय झालं, हे त्या रंगात कुठेच येत नाही.

आंधळगाव कोशाच्या कापडाचं गाव. सुताची किंमत इथे कुणाला सांगायला नको. पेशी दुभंगताना तिच्या आतही बारीक धागे तयार होतात आणि गुणसूत्रांची वाटणी करतात. कार्बेन्डाझिम बुरशीचे नेमके हेच धागे होऊ देत नाही. बाईच्या बीजांडात आणि गर्भातही वाटणी अशाच धाग्यांनी होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भ दगावलेले, व्यंग आलेले दिसले. युरोपात या औषधाच्या वर्गीकरणात प्रजननक्षमतेला आणि पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलं आहे. तिथली त्याची परवानगी 2014 मध्ये संपली. मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकालाही 2020 मध्ये तिथे नकार मिळाला, त्यातही प्रजननाला अपाय हे एक कारण होतं.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या मे 2020 च्या मसुद्यात बंदीसाठी 27 औषधं होती. ही दोन्ही त्यांत होती, धानात चालणारं तणनाशक ब्युटाक्लोरही होतं. पण 2023 मध्ये पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिलवर.

2017 मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा सरकार हललं. ते मृत्यू डोळ्यांना दिसले. तिसऱ्या महिन्यात पडलेला गर्भ कुणाला दिसतो? बाईने जड उचललं असेल, पपई खाल्ली असेल, असं म्हणून घर मोकळं होतं. प्रत्येक गर्भपातामागे औषधच असतं असं मी म्हणत नाही. पण विचारलंच नाही, तर कळणार कुठून? दोष मात्र बाईच्या पदरात पडतो आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा बांधीत उतरते, पोटरीभर पाण्यात परे रोवायला.

गरोदर बाईची नोंद करताना आशाताईने एक प्रश्न जास्तीचा विचारावा: बियाण्याला हात कुणी लावला, कोणत्या पाकिटाचा? आणि त्या पाकिटावर, तिकोणाच्या शेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत छापावं: पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.