खिळ्याचे भोक आणि छताची ओल

बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या समोर, तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबाद आहे. तेथे 1631 साली मुमताज महलचे दफन झाले, सुमारे सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला हलवण्यात आला आणि या स्थलांतरात अनामतीवरून तंटा झाल्याचे इतिहासकार सांगत नाहीत. अलीकडच्या तीरावरील साध्या भाडेकरूला ही सवलत नाही. 'अनामत', म्हणजे घर सोडताना परत मिळेल या भरवशावर आगाऊ दिलेली रक्कम, ही संज्ञा मालकांच्या शब्दकोशात 'बिनव्याजी देणगी' या अर्थाने येते. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 नुसार जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक असून, लेखी सूचनेनंतरही त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरूला दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, तोही वर्षाच्या भाड्याच्या बाराव्या हिश्शापर्यंतच. परंतु जो मालक चार पावसाळे गळक्या छताकडे फिरकत नाही आणि ज्याला भिंतीचे पोपडे ही 'जुन्या बांधकामाची शान' वाटते, तोच घर रिकामे होण्याच्या दिवशी चष्मा पुसून येतो, कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक बोटाने चाचपतो आणि अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे कापून घेतो. (हा चष्मा पावसाळ्यात कोठे असतो, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.) केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने एरवीची रंगसफेदी मालकाच्याच खात्यात टाकली आहे, मात्र तो नमुना असल्याने राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. तेव्हा भाडेकरूने सूचना लेखीच द्यावी आणि तिची पोच, कितीही कपाळाला आठ्या घालून मिळाली तरी, जपून ठेवावी.