गुडघ्याला बाशिंग

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधले चिरंजीव गुलमर्गहून आले. कुबडी घेऊन! जरा इकडे सरका, जास्वंदीच्या आड. त्यांची खिडकी उघडी आहे.

स्कीइंगला गेला होता हो. आपण भिलाईची माणसं, मे महिन्यात ४५ अंशांत कूलरपुढे बसणारी. बर्फ बघितला तो फ्रीजरमधला. पण आईचा तोरा बघायला हवा होता! मंडळाच्या हळदीकुंकवात वाण घेता घेता म्हणतात कशा, "दोन दिवसांत शिकला, आज थेट अफरवटला!" गोंडोलाचा दुसरा टप्पा तो, ४००० मीटरच्या आसपास. मी ह्यांना घरी आल्यावर म्हटलंसुद्धा... जाऊ दे.

तर काय सांगत होते, समोरच्या वहिनींना राहवतंय होय? "आरिफ खान चार वर्षांचा असल्यापासून तिथल्या बर्फात शिकतोय, तेव्हा कुठे २०२२ ला बीजिंगच्या ऑलिंपिकला पोचला. तुमचा बरा दोन दिवसांत!" सगळ्या गप्प. आणि तेवढ्यात सुनेच्या फोनवर व्हिडिओ आला.

व्हिडिओ कुणाचा, तर नणंदेच्या सात वर्षांच्या पोरीचा. तीही बरोबर गेलेली, पण पाचही दिवस खालच्याच उतारावर. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, पिझ्झाचा तुकडाच जणू! गुडघे वाकलेले, नडग्या बुटाला टेकलेल्या, वळताना भार खालच्या पायावर. डावीकडे, उजवीकडे, आणि झाली की नाही झक्क उभी! आम्ही टाळ्या वाजवतोय, तर तिच्या मागून घसरगाडीवर बांधून आणलेला मामा...

अहो, सासूबाईंचा तिळगूळ तोंडातच राहिला!

सून मग हळूच सांगत होती. तिथल्या सरांनी म्हणे बजावलं होतं, "भैया, पहले रुकना सीखो." पण ह्याला पिझ्झा करायची लाज! पोरंटोरं करतात म्हणे ते. वर बघतो तर खालच्यासारखा मशीननं दाबलेला बर्फ कुठला? सगळा मोकळा, ढोपरभर. घाबरला, मागे रेलला. आणि मागे रेललं की संपलंच, पुढच्या टोकांवर वजनच उरत नाही, स्की वळणार कशी? ती सुसाट, हा तिच्या मागे. गुडघा पिरगळला. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं म्हणतात, ह्याच्या गुडघ्याला बेल्ट बांधलाय, सहा आठवडे.

आईंचं म्हणणं काय, तर बूटच भाड्याचे होते, सैल होते. बरं बाई, बूट सैल.

पण काल मी कपडे वाळत घालताना बघितलं ना. दारापुढच्या तीन पायऱ्या, तर आडवा उभा राहून एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी, असा उतरत होता. ती पोर म्हणाली, "मामा, हे तर सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं!"