विटेवरची गाडी

(पुणे. नाना पेठेतलं गॅरेज. आषाढ, पत्र्यावर पाऊस. आत रॅप चढवलेली, रिमॅप केलेली, कंबरेपासून खाली बसवलेली पोलो जीटी टीएसआय. पुढची दोन्ही चाकं नाहीत. त्या जागी विटा.)

हौशी : झाली का गाडी?

गॅरेजवाला : या साहेब. चहा सांगू?

हौशी : म्हणजे झाली नाही.

गॅरेजवाला : झाल्यातच जमा. फक्त टायर, रिम आणि शॉकअप राहिलाय.

हौशी : मग झालं काय?

गॅरेजवाला : धुऊन ठेवली.

हौशी : अहो, तुम्ही मंगळवारी देतो म्हणाला होतात!

गॅरेजवाला : मंगळवार दर आठवड्याला येतो, साहेब. टायर नाही येत. तुमचा नमुना बाहेरचा. २०२० पासून टायर मागवायला सरकारी परवाना लागतो, वर आयएसआयचा शिक्का पाहिजे. डीलर म्हणतो, जहाज निघालंय.

हौशी : कुठून?

गॅरेजवाला : ते त्यालाही विचारलं. तो म्हणाला, बंदरातून.

हौशी : याच मापात दुसरा नाही?

गॅरेजवाला : इथला आहे की, हातोहात मिळतो. पण एकच घालून चालत नाही. पुढे एकीकडे एक पकड, दुसरीकडे दुसरी. ओल्यात ब्रेक मारला की गाडी फुटपाथकडे निघाली. घ्यायची तर जोडी.

हौशी : आणि मागे वेगळ्या कंपनीचे? फोटोत कसं दिसेल ते?

गॅरेजवाला : विटा कशा दिसतायत फोटोत?

हौशी : (विषय बदलत) त्या दिवशी एक जोडी स्वस्तात आहे म्हणत होतात...

गॅरेजवाला : बाजूवर आकडा वाचा तिच्या. २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी आहे, पण रबर सुकलंय. फुकट दिली तरी घेऊ नका.

हौशी : मग माझ्या टायरला आलेल्या फुग्याला पॅच नाही का मारता येणार?

गॅरेजवाला : पॅच खिळ्याच्या भोकाला, तेही जमिनीला टेकतो त्या भागात. बाजूच्या भिंतीतले धागेच तुटलेत. हवेला वाट मिळाली की तिथूनच फुटणार. कंपनीचं माप होतं १९५/५५ आर १६. भिंत १०७ मिलिमीटर. तुम्ही घातलं २१५/४५ आर १७. भिंत ९७. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, म्हणून मीटर बरोबर दाखवतं. पण मधला एक सेंटिमीटर गेला ना, तो खड्ड्यासाठी ठेवलेला होता.

हौशी : पण स्टिअरिंग कसं ऐकतं! बोट हलवलं की गाडी वळते.

गॅरेजवाला : ते मान्य. वळणावर नुसती चिकटून राहते.

हौशी : आणि वाय रेटिंग आहे. ताशी ३००!

गॅरेजवाला : एक्स्प्रेसवेला १०० ची मर्यादा. उरलेले २०० कुठे खर्च करता?

हौशी : ते असू द्यावे लागतात. मनाला बरं वाटतं.

गॅरेजवाला : मग ऐका माझं. कंपनीची सोळाची चाकं माळ्यावर असतील ना? आणा. पावसाळाभर ती घाला, ही दसऱ्याला चढवू.

हौशी : ...विकली.

गॅरेजवाला : कोणाला?

हौशी : तुम्हालाच. सायलेन्सरचं टोक घेतलं तेव्हा हिशेबात धरली होतीत.

गॅरेजवाला : हां हां. ती गेली लगेच. एका मास्तरांनी नेली. त्यांची गाडी रोज रस्त्यावर असते.

(शांतता. पोऱ्या चहा आणून ठेवतो.)

हौशी : घरी काय सांगू? बायको रोज विचारते, गाडी कुठे उभी आहे.

गॅरेजवाला : विटेवर आहे म्हणा. आषाढच आहे.

हौशी : (चहा घेता घेता थांबून) एक मिनिट. मी फक्त टायर दाखवायला आलो होतो. फुगा उजव्या टायरला होता.

गॅरेजवाला : होता.

हौशी : मग तडा गेलेली रिम डावी कशी? आणि शॉकअपही डावाच?

गॅरेजवाला : एका बाजूला लोड आला की दुसरीकडे जातो, साहेब.

हौशी : उभ्या गाडीत?

गॅरेजवाला : उभी कशी, ट्रायल घ्यावी लागते. उजवीकडे स्टेपनी लावली, पुढून खडखड येत होती म्हणून म्हटलं बघून येऊ.

हौशी : गल्लीत चक्कर मारलीत का?

गॅरेजवाला : गल्लीत कुठे आवाज ऐकू येतो? ट्रॅफिक असतो.

हौशी : मग कुठे गेला होतात?

पोऱ्या : ताम्हिणीला! धबधबा कसला होता, साहेब! भजी पण खाल्ली!

गॅरेजवाला : (पोऱ्याला) जा रे, ग्लास विसळ. (हौशीला) पण एक सांगतो. रिमॅपचे पैसे वसूल आहेत.